चकमक कोणाकोणांत उडाली?

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या बेळगाव भागातल्या वाचनालयात, हा भाग महाराष्ट्रात यावा या मागणीपायी जीव गेलेल्यांच्या स्मरणासाठी पाळल्या जाणाऱ्या हुतात्मा दिनाच्या भित्तिपत्रकाची तयारी चालली होती. मजकूर लिहिण्याचे काम एका महाविद्यालयीन तरुणाकडे होते आणि त्याने सुबक अक्षरांत पहिलेच वाक्य लिहिले होते : ‘१७ जानेवारी १९५६ रोजी पोलीस आणि आंदोलक यांच्यात उडालेल्या चकमकीत बेळगावचे सत्याग्रही हुतात्मे झाले.’ ते वाचून दोन ज्येष्ठ सभासद संतापले आणि पुढचे तीन दिवस वाचनालयात वर्तमानपत्रांपेक्षा हा एक शब्दच अधिक वाचला गेला. एकाच्या मते असे लिहिणारा मनाने फितूर झालेला. दुसऱ्याच्या मते शब्द मुळातच परका, तुर्की-फारसी वळणाचा, तेव्हा तो काढून ‘संघर्ष’ घालावा म्हणजे झाले. तिसऱ्याचे म्हणणे असे की चकमक म्हणा नाहीतर गोळीबार म्हणा, माणसे गेली ती गेली, शब्दांचा कीस काढून कोण परत येणार आहे? आणि तो तरुण बिचारा शब्दकोश उघडून प्रत्येकाला दाखवत होता, की चकमक म्हणजे लहानशी लढाई, हा अर्थ छापलेला आहे.

वाद तीन दिवस चालला, पण तो निष्ठेचा झाला, अर्थाचा झालाच नाही. कोण आपला आणि कोण परका हे ठरवण्यात सगळा जोर गेला. शब्द काय सांगतो हे कोणी पाहिले नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. चकमक हा शब्द निर्दोष आहे, नेमका आहे आणि त्याचा लढाईचा अर्थ मराठीने स्वतः घडवलेला आहे. तो टाकून देण्याचे काहीही कारण नाही. मात्र तो एका अटीवर चालतो. दोन्ही बाजूंनी प्रहार झालेला असला पाहिजे. जिथे ही अट पुरी होत नाही तिथे लिहिणाऱ्याची नियत कितीही स्वच्छ असली तरी शब्द खोटे बोलतो. तो तरुण फितूर नव्हता, त्याचे वाक्य मात्र चुकीचे होते, आणि या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे आमच्या ज्येष्ठांना पटवणे फार जड गेले.

माझ्या आजोबांच्या चंचीत तंबाखू, चुन्याची डबी आणि अडकित्ता यांच्या सोबतीला एक वाकवलेली पोलादी पट्टी, मार्कंडेय नदीच्या पात्रातली पांढरी गारगोटी आणि सावरीच्या कापसाचा बोळा असे. काडेपेटी घरात होती, तरी शेतात चिलीम पेटवताना ते गारगोटीवर कापूस अंगठ्याने दाबून धरत आणि पट्टीचा एक तिरका फटका मारत. दोन-तीन फटक्यांत ठिणगी कापसात पडे आणि धुराची बारीक रेघ निघे. मी लहानपणी नुसती पट्टी दगडी जोत्यावर घासून पाहिली, नुसती गारगोटी भिंतीवर आपटून पाहिली, हाती काही लागले नाही. तुर्की भाषेतला ‘चाकमाक’ म्हणजे आघात करणे, आणि तोच पुढे आग पाडण्याच्या साधनाचेही नाव झाला. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. हिंदीत चकमक आजही गारगोटीच आहे, तिथे दोन टोळ्या भिडल्या तर ‘मुठभेड़’ होते. दोन पथकांच्या गाठभेटीत उडणारी ठिणगी पाहून त्या दगडाचे नाव लढाईला द्यावे, ही सूझ मराठीची. आणि आमच्या या भागात तर कन्नडनेही तीच वाट धरली आहे. ‘चकमकी कल्लु’ म्हणजे गारगोटी, ‘मातिन चकमकी’ म्हणजे शाब्दिक चकमक, ‘गुंडिन चकमकी’ म्हणजे बंदुकांची. ज्या दोन भाषांचे इतर बाबतींत एकमत होत नाही अशी ख्याती आहे, त्या या शब्दावर पूर्ण सहमत आहेत.

या शब्दाची अट शब्दकोशात नाही, ती व्याकरणात आहे, आणि ती आपण रोज न कळत पाळतो. मराठीत चकमक ‘उडते’, ‘झडते’, ‘होते’. ती कोणी ‘करत’ नाही. ‘पोलिसांनी आंदोलकांना चकमक केली’ हे वाक्य पहिलीतले पोरही बोलणार नाही. मारहाण करणारा असतो आणि मार खाणारा असतो, म्हणून तिथे ‘ने’ आणि ‘ला’ लागतात : अमक्याने तमक्याला मारले. चकमकीला मात्र ‘यांच्यात’ लागते, आणि ‘यांच्यात’च्या आधी दोन नावे ‘आणि’ने जोडावी लागतात. म्हणजे हा शब्द लिहिताक्षणी कर्ता नाहीसा होतो आणि दोन्ही बाजू एका दावणीला बांधल्या जातात. जिथे खरोखर दोघांनीही हाणले तिथे हे योग्यच आहे. पण जी घटना ‘ने’ आणि ‘ला’ लावून सरळ सांगता येते, ती ‘यांच्यात’ लावून का सांगायची? त्या भित्तिपत्रकासमोर उभे राहून मी एवढाच प्रश्न विचारला होता. तेव्हा लगेच कोणीतरी म्हणाले, ‘टाळी एका हाताने वाजत नाही.’ बरोबर आहे, नाही वाजत. थोबाडीत मात्र एका हातानेच बसते.

आमच्या शेजारी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. बेळगावला या रेजिमेंटचे केंद्र असल्याने असे शेजारी आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. २०२० च्या जून महिन्यात गलवान खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले, त्या आठवड्यात ते रोज सकाळी वर्तमानपत्र घेऊन कट्ट्यावर येत आणि मथळ्यावर बोट ठेवत. कुठे ‘झटापट’ छापले होते, कुठे ‘चकमक’, कुठे ‘संघर्ष’. ‘झटापट’वर ते भडकले : ‘काय लिहालेत रे हे? झटापट एसटीत जागा धरताना हुत्या.’ पण ‘चकमक’ त्यांनी मान्य केली, जरी त्या रात्री एकही गोळी सुटली नव्हती आणि दगड, खिळे ठोकलेले दांडके अशाच हत्यारांनी माणसे मेली होती. मी कारण विचारले, तर म्हणाले, ‘दबा धरून मारलं तर त्यो छापा. समोरच्यानं फिरून हाणलं की मग चकमक. आमच्या पोरांनी फिरून हाणलंय.’ माझ्या पाहण्यात या शब्दाची याहून नेमकी व्याख्या कोणी केलेली नाही. हत्यार कोणते, मेले किती, ठिकाण कोणते, यांपैकी काहीही तिच्यात नाही; समोरच्याने फिरून हाणले की नाही, एवढेच आहे.

आता त्या तरुणाने विचारलेला प्रश्न घेतो, कारण सगळ्या वादात तोच एक खरा प्रश्न होता आणि त्याला उत्तर देण्याऐवजी त्याला गप्प बसवण्यात आले. तो म्हणाला, ‘काका, आंदोलनात दगड उडत नाहीत का? उडाले असतील तर दोन्ही बाजूंनी प्रहार झालाच की. मग तुमच्याच अटीने ती चकमक.’ हा मुद्दा हलका नाही. कोणत्याही मोठ्या आंदोलनात जमावातला प्रत्येक माणूस हात जोडून उभा नसतो, आणि आपल्या हुतात्म्यांबद्दल लिहिताना हे मान्य केल्याने त्यांची थोरवी उणी होत नाही. पण मग दगड उडाले असतील तर तेही लिहा, आणि त्याच्या कर्त्यासह लिहा. ‘जमावाने दगडफेक केली’ हे एक वाक्य, ‘पोलिसांनी गोळीबार केला’ हे दुसरे. दोन्ही वाक्यांत ‘ने’ आहे, दोन्हींत कर्ता उभा आहे, आणि वाचणारा स्वतः ठरवू शकतो की दगडाला गोळी हे उत्तर होते की नव्हते. चकमक हा शब्द ती दोन्ही वाक्ये गिळून टाकतो आणि ठरवण्याचा हा हक्कच वाचणाऱ्याकडून काढून घेतो. शिवाय ज्यांच्या छातीत गोळी लागली त्यांनीच दगड मारला होता, असे तरी कोणी कुठे सांगितले? अमृतसरमध्ये १० एप्रिल १९१९ रोजी जमावाच्या हातून युरोपीय माणसे मारली गेली होती, हे खरे आहे. तीन दिवसांनी जालियनवाला बागेत डायरच्या शिपायांनी १,६५० फैरी झाडल्या आणि सरकारी आकड्यानुसारच ३७९ माणसे मेली, हेही खरे आहे. इंग्रज सरकारने चौकशी समिती नेमली तिचे नाव मात्र ‘दंगली’ची चौकशी करणारी समिती असे ठेवले, म्हणजे १० तारखेचा जमाव आणि १३ तारखेचा गोळीबार एकाच गाठोड्यात बांधले गेले. बागेत कोंडलेल्या माणसांवरच्या गोळीबाराला आज चकमक म्हणायला कोणाची जीभ वळेल?

आपल्या लोकांच्या तोंडी हा फरक किती पक्का आहे पाहा. १ जून १९८६ रोजी कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात माणसे पडली. बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर दर वर्षी जमणाऱ्यांपैकी कोणीही ‘शहाऐंशीच्या चकमकीत’ असे म्हणत नाही, ‘शहाऐंशीच्या गोळीबारात’ असेच म्हणतो. आणि हा केवळ मराठी माणसाचा हळवेपणा समजू नये. सौंदत्तीजवळच्या नवीलतीर्थ धरणाचे पाणी ज्या मलप्रभा खोऱ्यात जाते तिथले कन्नड शेतकरी १९८० च्या जुलैत करांविरुद्ध उठले आणि नरगुंद-नवलगुंदला त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तिथला शेतकरी त्या दिवसाला ‘गोलीबार’ म्हणतो. शब्दही तोच आणि त्यामागचे कारणही तेच. जाता जाता एक गोष्ट आमच्या तापलेल्या मंडळींसाठी : १९५६ च्या जानेवारीत बेळगाव मुंबई राज्यात होते, म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, ते गेले नोव्हेंबरमध्ये. तेव्हा १७ जानेवारीची गोळी कोणत्या भाषेच्या सरकारने झाडली, यावरून निष्ठा मोजायला निघालेल्यांनी थोडे जपून बोलावे.

दुसरा आक्षेप पत्रकारितेतल्या एका मित्राचा आहे आणि तो मला अधिक अवघड वाटतो. तो म्हणतो, तालुक्याच्या बातमीदाराला रात्री दहा वाजता पोलीस ठाण्यातून चार ओळी मिळतात, अकराला पान सुटते. कोणी आधी हाणले, कोणी नंतर, हे त्याने कोठून शोधायचे? चकमक हा त्यातल्या त्यात कोणाचीच बाजू न घेणारा शब्द आहे. अडचण खरी आहे, निष्कर्ष खरा नाही. समोरच्यानेही गोळी झाडली, हा निवाडाच या शब्दात आधी दडलेला आहे, आणि तो ज्याने चार ओळी दिल्या त्याचा आहे. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. सगळीकडे ‘चकमकीत ठार’ असे छापले गेले, आणि आमच्या चौकात त्या दिवशी पेढे वाटले गेले. मी तो पेढा खाल्ला, हे इथे कबूल करतो. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाचा अहवाल २०२२ साली बाहेर आला, तेव्हा आयोगाने म्हटले की आरोपींवर जीव घेण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या आणि पोलिसांनी सांगितलेली हकीकत विश्वास ठेवण्याजोगी नाही. बातमीदाराला त्या सकाळी हे कसे कळणार, हे मान्य. पण ‘पोलिसांच्या गोळीबारात चार आरोपी ठार, आरोपींनी हल्ला केल्याचा पोलिसांचा दावा’ असे लिहायला त्याला कोणता शोध घ्यावा लागला असता? जेवढे माहीत आहे तेवढे त्यात आहे, आणि जे दुसऱ्याचे म्हणणे आहे ते दुसऱ्याच्या तोंडी आहे. अशा मृत्यूंच्या तपासासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सोळा सूचना घालून दिल्या. गुन्हा नोंदवा, तपास दुसऱ्या ठाण्याकडे किंवा सीआयडीकडे द्या, दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी करा, असे त्यांचे स्वरूप आहे. जी गोष्ट न्यायालयाला तपासाशिवाय मान्य नाही ती मथळ्याने एका शब्दात मान्य करून टाकावी का?

मराठी वर्तमानपत्रांनी तर या बाबतीत एक अजब दागिना घडवला : ‘चकमकफेम अधिकारी’. मुंबईतल्या टोळ्यांच्या काळात हा शब्द इतका रुळला की त्यातली विसंगती कोणाला खुपेनाशी झाली. चकमक जर अवचित उडणारी असेल, तर ती उडवण्याबद्दल एखाद्याची ख्याती कशी होते? आणि जर ख्याती असेल, तर ती उडाली नव्हती, उडवली होती. मात्र त्याच वर्तमानपत्रांत ‘बनावट चकमक’ हाही शब्द आहे, आणि तो मला आशादायक वाटतो. बनावट नाणे म्हणणाऱ्याला खरे नाणे कसे असते ते ठाऊक असते.

भाषा बदलतेच, त्याला काय करणार, असे म्हणणाऱ्यांचे मी फार ऐकून घेतले आहे आणि त्यांचे बरेचसे बरोबरही आहे. या सीमेवर राहणाऱ्याला ते कोणी शिकवायला नको. हिंदीत ‘दंगल’ म्हणजे कुस्तीचा फड. मराठीत दंगल म्हणजे जाळपोळ आणि संचारबंदी. कन्नडमध्ये ‘दंगे’ म्हणजे थेट बंड, १८५७ ला ते ‘सिपायी दंगे’ म्हणतात. आणि आमच्या घरात आई पोरांना ‘दंगा करू नका’ म्हणते. आपल्याकडे घर्षण दोन लाकडांत होते, कन्नड वर्तमानपत्रात ‘घर्षणे’ दोन गटांत होते. हे सगळे बदल घडले आणि कोणाचे काही बिघडले नाही. कारण उघड आहे : दंगल कुस्तीतून जाळपोळीत गेली तेव्हा त्या बदलामुळे कोणी चौकशीतून सुटला नाही. चकमकीचे तसे नाही. तिचा जुना अर्थ आणि नवा वापर हे दोन्ही आज एकाच वेळी जिवंत आहेत, आणि नव्या वापराला सगळी किंमत जुन्या अर्थामुळे मिळते. चकमकीचा अर्थ खरोखरच ‘पोलिसांनी मारणे’ असा झाला असता, तर पोलिसांच्या टिपणातून तो शब्द दुसऱ्याच दिवशी गायब झाला असता. ‘सौम्य लाठीमार’ही याच जातीचा. कन्नडमध्ये त्याला ‘लघु लाठी प्रहार’ म्हणतात. ज्याच्या पाठीवर तो बसतो त्याला दोन्ही भाषांत सारखाच लागतो.

आता दुसऱ्या टोकाविषयी. ‘चकमक’ खोडल्यावर त्या ज्येष्ठांपैकी एकाने तिथे ‘कत्तल’ लिहायचा आग्रह धरला. त्यालाही माझा तितकाच विरोध आहे. मराठीत मारण्याला शब्द कमी नाहीत आणि प्रत्येक शब्द आपापला निवाडा सोबत घेऊन येतो. कीचकाचा वध होतो, अफझलखानाचाही वधच होतो, कारण मेला तो मरायलाच हवा होता असे सांगणारा मानतो. म्हणूनच ३० जानेवारी १९४८ च्या खुनाला ‘वध’ म्हणण्याचा खटाटोप काही जणांनी केला आणि म्हणूनच इतरांना तो शब्द ऐकून तिडीक आली. दोन्ही बाजूंना शब्दाचे वजन बरोबर कळले होते. ‘चकमक’ लिहून गुन्हा पातळ करायचा नाही, तसा ‘कत्तल’ लिहून तो घट्टही करायचा नाही. गोळीबार पुरेसा आहे. त्यात काय झाले ते आहे, कोणी केले ते सांगायला जागा आहे, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा तो त्यानेही येतो.

शेवटचा आक्षेप शांततेचा. इथे ठिणगी पडायला वेळ लागत नाही, अफवा मोबाइलवरून पाच मिनिटांत खानापूरपासून निपाणीपर्यंत जाते, तेव्हा ‘अमक्यांनी तमक्यांवर हल्ला केला’ असे लिहिण्यापेक्षा ‘दोन गटांत चकमक’ असे मोघम लिहिलेले बरे, असे एक समंजस माणूस मला म्हणाला. हेतूचा मी आदर करतो. पण ६ डिसेंबर २०२२ ची गोष्ट आठवा. बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली आणि त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. ‘सीमासंघर्ष पेटला’ असे मथळे आले. संघर्ष कोणाकोणांत झाला? हिरेबागेवाडीला ज्याची काच फुटली त्या ट्रकचालकाने काही फिरून हाणले नव्हते, आणि पुण्यात ज्याच्या बसला काळे लागले त्या कन्नड चालकानेही नाही. दोन वेगळ्या ठिकाणी दोन वेगळ्या टोळक्यांनी दोन निरपराध माणसांना त्रास दिला, आणि ‘संघर्ष’ या शब्दाने ती दोन टोळकी दोन्ही भाषांची सैन्ये होऊन बसली. यात शांतता कुठे आली? ज्याने मार खाल्ला त्याला ‘तुझ्यात आणि त्याच्यात चकमक झाली’ असे सांगितले की त्याचा राग निवत नाही, दुप्पट होतो. आणि ज्याने मारले तो गर्दीत मिसळून जातो. माझी कसोटी आपल्याकडच्या पोरांनाही लागू आहे, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. उद्या मराठी पोरांनी एखाद्या कन्नड वाहकाला बसमधून ओढून मारले, तर आमच्या वर्तमानपत्राने तिथे ‘बाचाबाचीतून चकमक’ लिहू नये. तिथेही ‘ने’ आणि ‘ला’ लागतात.

भित्तिपत्रकावर अखेर ‘पोलिसांनी केलेल्या गोळीबारात’ असे शब्द आले. त्या तरुणानेच ते लिहिले, पट्टी चिकटवून, पहिल्याइतक्याच सुबक अक्षरांत. फितूर म्हणणाऱ्यांनी त्याची क्षमा मागितली नाही. तो मात्र आता हातात लाल पेन घेऊनच वाचनालयातली वर्तमानपत्रे वाचतो आणि जिथे चकमक दिसेल तिथे खूण करून मला दाखवतो. परवा त्याने महापालिकेच्या सभेची बातमी आणली : पाण्याच्या टँकरवरून दोन नगरसेवकांत शाब्दिक चकमक, एक मराठीत बोलत होता, दुसरा कन्नडमध्ये, आणि दोघांनीही एकमेकांचे काही शिल्लक ठेवले नव्हते. त्या ओळीवर मी त्याला पेन टेकवू दिले नाही.